नाव-पत्त्याचं विधेयक

७ जानेवारी, मंगळवार

आज शपथ झाली. हात वर करून उभी होते आणि डोक्यात एकच विचार, गाडीचं इंजिन गरम ठेवायची वायर प्लगला लावली की नाही. बाहेर उणे पंचवीस. लावली नव्हती. संध्याकाळी दोन सिनेटरांनी ढकलून गाडी सुरू करून दिली. कारकिर्दीची सुरुवात अशी.

चार महिने राज्याच्या राजधानीत राहायचं. कोलेट हॉगरुडबरोबर तळघरातली दोन खोल्यांची जागा घेतली आहे. आमदार म्हणून कोलेटची ही सहावी खेप. आल्या आल्या तिनं फ्रिजचा वरचा कप्पा आपला म्हणून सांगितलं आणि विचारलं, "तुझं विधेयक कुठलं?"

मी सांगितलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "मुलांच्या भल्याचं? मग तर ते मेलंच म्हणून समज. सगळे हो म्हणतील आणि कुणीच हात लावणार नाही."

मला राग आला. एकतीस वर्षं औषधाचं दुकान चालवलंय मी. लोक हो म्हणून काय करतात ते मला शिकवू नये.

नवऱ्याचा, हार्लनचा फोन आला. दुकान आता तो एकटा बघतोय. "काय गं, आमदारीणबाई, जग सुधारलं का?"

म्हटलं, "अजून पार्किंग मिळालं नाही."

विधेयक काय ते इथे एकदा सरळ लिहून ठेवते, म्हणजे भाषण करताना अडखळणार नाही. रेने बोलँडर आमच्याच गावची. लहान असताना आईबरोबर खोकल्याचं औषध न्यायला यायची. आता आमच्या भागातल्या तीन काउंट्यांसाठी, इंटरनेटवरून मुलांचा छळ करणाऱ्यांचा तपास ती करते. एकटीच. ऑक्टोबरमध्ये दुकानात आली आणि म्हणाली, "मिसेस ट्वेट, तुम्ही निवडून येणारच. तुमच्याविरुद्ध कुणी उभंच नाही. मला एक कायदा हवाय."

तिच्याकडे टीप, म्हणजे खबर, येते ती अशी: अमुक चित्र, अमुक वेळी, अमुक नंबरच्या इंटरनेट जोडणीवरून पाठवलं गेलं. जोडणी कुणाच्या घरातली, ते फक्त फोन कंपनीला माहीत. कंपनीला विचारायचं तर आमच्या राज्यात घराची झडती घ्यायला लागतो तेवढा पुरावा कोर्टापुढे ठेवावा लागतो. पुरावा त्या घरात, आणि घर कुठलं ते कळायलाच आधी पुरावा हवा! गेल्या वर्षी एक मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची. रेनेला तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं की तिच्या पलंगामागे हिरव्या पट्ट्यांचा कागद लावलेली भिंत आहे. कोर्टाचा आदेश मिळेपर्यंत कंपनीच्या नोंदी मुदत संपून पुसल्या गेल्या होत्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही," रेने म्हणाली. "फाईल बंद."

माझ्या हातात कुणाच्या तरी रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. त्या मी दोनदा चुकीच्या मोजल्या.

१६ जानेवारी, गुरुवार

न्याय समितीचे अध्यक्ष डेल्विन फेटिग यांनी दहा मिनिटं दिली होती. आमच्याच पक्षाचे, वकील आणि गुरांचे मोठे मालक. रेनेला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, की तिनंच त्यांना सगळं समजावून सांगावं. ती वेळेवर आली. पण कॉरिडॉरमध्ये चौथीची मुलं विधानभवन बघायला आलेली, दोघादोघांची रांग, सगळ्यांच्या हातात कागदी झेंडे. रेने जिन्यापाशी थबकली. "आलेच मी," म्हणाली आणि मागे वळून गेली. मी कॉफीचे दोन कप हातात घेऊन खांबासारखी उभी.

परत आली ती अर्ध्या तासानं. मुलं गेली होती आणि फेटिगही.

"कुठे होतीस?"

"गाडीत बसले होते जरा."

"इथे माझी दहा मिनिटं गेली!"

"सॉरी, मिसेस ट्वेट."

बस, एवढंच. कोट काढायलाही तयार नव्हती. ज्यांच्यासाठी आपण धावतो त्यांनी निदान वेळ तरी पाळावी. फेटिगना एकटीनंच जिन्यात गाठलं. "चांगलं आहे हो विधेयक, फारच चांगलं," ते चालता चालता म्हणाले. "कुणाचा विरोध असेल असं वाटत नाही. बघू." कोलेटनं त्यांच्या या 'बघू'चा अर्थ सांगितला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

आज सुनावणी. संताप, संताप.

आमच्या मसुद्यात असं होतं की सरकारी वकिलानंच सही करून कंपनीला समन्स धाडायचं: नाव आणि पत्ता द्या. कोर्टात जायला नको, तारीख नको. रेने साक्षीला बसली. मला वाटलं होतं ती समितीला हलवून सोडेल. तिनं हवामानाचा अंदाज वाचावा तसं सगळं वाचून दाखवलं. इतक्या टिपा आल्या, इतक्या पुढे गेल्या, इतक्या बंद. त्या भिंतीचा उल्लेखसुद्धा नाही. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, तर दचकून तिनं पाण्याचा ग्लास सांडला.

मग गिडियन प्रुस. विरोधी बाकांवरचा, चाळिशीचा, आरोपींचे खटले लढवणारा वकील. आवाज मऊ, आणि तेच जास्त चीड आणणारं.

"सरकारी वकिलाची सही म्हणजे ज्याला आदेश हवा त्याचीच सही. बाहेरचं कोण बघणार?"

मी म्हटलं, "बघत बसलात की तेवढ्यात नोंदी पुसल्या जातात, प्रतिनिधी प्रुस."

"माझा एक अशील आहे," तो म्हणाला. "शाळेची बस चालवायचा. जोडणीच्या नंबरातले दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले आणि पोलीस त्याच्या दारात उभे राहिले. पहाटे, शेजाऱ्यांसमोर. दोन दिवसांत चूक कळली, माफीही मागितली. पण बसची किल्ली त्याला परत मिळाली नाही. अजून लोक त्याला दुकानात बघून मुलांचा हात धरतात. त्या आदेशावर कोर्टाची सही नव्हती. जीवाला थेट धोका असेल तर मिळते त्या तातडीच्या सवलतीत काढला होता."

मी रेनेकडे बघितलं, आता काहीतरी बोल म्हणून. ती टेबलावर सांडलेलं पाणी रुमालानं पुसत होती. पुसून झालं तरी पुसतच होती.

फेटिग म्हणाले, "विचार करायला हवा." आणि विधेयक बाजूला ठेवलं.

बाहेर आल्यावर म्हटलं, "त्याला उत्तर का नाही दिलंस?"

"त्यात खोटं काय होतं?" रेने म्हणाली आणि निघून गेली. साधं 'बाय'सुद्धा म्हटलं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

विधेयक अजून फेटिगांच्या ड्रॉवरमध्येच. आज त्यांनी स्वतःहून बोलावलं तर वाटलं, निघालं एकदाचं. तर हे विचारतात, "आर्लिस, त्या पाणीपुरवठा वाहिनीबद्दल तुमचं काय मत झालंय?" वाहिनी त्यांच्या भागातून जाणार आहे. म्हटलं, माझं मत वाहिनी बघून ठरेल, ड्रॉवर बघून नाही. ते हसले. "तुम्ही फारच नवीन आहात."

दुपारी फोन कंपन्यांचा माणूस भेटला. गोड माणूस, कॅरॅमल रोल घेऊन आला होता. छोट्या सहकारी कंपन्यांना अशा मागण्यांचा फार भार पडतो म्हणाला. रोल मी खाल्ला. चांगला होता. त्याचाही राग आला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

प्रुस जेवणाच्या सुट्टीत माझ्याच टेबलावर येऊन बसला. बटाट्याचं पांढरं सूप, त्यात पिठाचे गोळे. त्यानं माझ्याकडे एक दुरुस्ती सरकवली.

"समन्स काढू दे. पण सही न्यायाधीशाची. राज्यातला कुठलाही न्यायाधीश चालेल, फोनवरून, व्हिडिओवरून, रविवारी दुपारीसुद्धा. पुरावा झडतीइतका नको, वाजवी संशय पुरे. अर्जाबरोबर मूळ टीप जोडायची, म्हणजे नंबर ताडून बघता येईल. आणि मिळणार फक्त नाव-पत्ता, त्यापलीकडे काही नाही."

"म्हणजे परत कोर्टच."

"कोर्ट म्हणजे फोनच्या दुसऱ्या टोकाला जागं असलेलं एक माणूस."

"आणि तो हरणाच्या शिकारीला गेला असेल तर?"

"तर दुसरा. आम्हा सगळ्यांनाच काही शिकार येत नाही हो, मिसेस ट्वेट."

मला हसू आलं होतं, पण दाखवलं नाही. म्हटलं, "तुमच्यासारख्यांमुळेच ती मुलगी त्या घरात राहिली." त्याचा चेहरा पडला. सूप तसंच टाकून तो उठला.

फार बोलले का? नाही. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

दुरुस्ती घ्यायची नाही. रेनेला हे सगळं आधी सांगायला हवं, पण ती फोन उचलेल तर ना.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी तिच्या कचेरीत जाऊन थडकले. काउंटी कोर्टाच्या तळमजल्यावर, टोकाची खोली. खिडकी नाही. शनिवार असून ती तिथेच होती, आणि रेडिओवर बाजारभावाचा कार्यक्रम मोठ्यानं लावलेला. गहू, सोयाबीन, डुकरं. मी दारात दिसताच तिनं संगणकाचा पडदा बंद केला आणि उठून हात धुवायला गेली. पुष्कळ वेळ नळ वाहत होता.

"बारीक झालीस," मी म्हटलं. "बरं चाललंय की तुझं. मला सांग तरी कसं केलंस."

ती हसली नाही. टेबलावर तिच्या मुलीचा, टेसाचा फोटो असायचा. तो दिसला नाही. विचारलं तर म्हणाली, टेसा सध्या आजीकडे राहते. "तिथे तिला बरं पडतं. मी रात्री उठून तिच्या खोलीत सारखी जाऊन बघते, मग तिची झोप मोडते."

आठ वर्षांची मुलं लाडावतात आजीकडे, मी म्हटलं. मग कामाकडे वळले. प्रुसची दुरुस्ती वाचून दाखवली आणि म्हटलं, "चिंता करू नकोस, मी ती घेणार नाहीये."

"घ्या," ती म्हणाली.

"काय?"

"न्यायाधीश घाला त्यात. चांगली आहे दुरुस्ती."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अगं, तुझ्यासाठी भांडतेय मी तिथे! एक वाक्य त्या माणसाला मी असं बोलले की…"

"त्या बसवाल्याच्या दारात मी होते," रेने म्हणाली. "आकडे माझ्याच हातून उलटे झाले. त्या दिवशी बत्तीस टिपा होत्या. मला पुढच्याकडे जायची घाई होती."

म्हटलं, "चूक कुणाच्याही हातून होते. न्यायाधीशालाही ती दिसली नसती कदाचित."

"कदाचित नसती दिसली. पण मग ती चूक आम्हा दोघांची असती." मग म्हणाली, "मिसेस ट्वेट, मला कुणीतरी दुसऱ्यानंही बघायला हवंय. एवढंच."

रेडिओवर डुकरांचा भाव घसरला होता.

दोन तास गाडी चालवत परत आले आणि रस्ताभर चिडत होते. घाबरली आहे ती, उद्या पुन्हा चूक झाली तर अंगाशी येऊ नये म्हणून. मी सगळ्यांशी वैर घेऊन बसले, आणि जिच्यासाठी घेतलं तीच पलीकडच्या बाजूला जाऊन उभी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दुरुस्ती घेतली. प्रुसला शोधत त्याच्या बाकापर्यंत जावं लागलं. "त्या दिवशीचं बोलणं," मी सुरुवात केली. "सूप फारच खारट होतं, म्हणून उठलो," तो म्हणाला. सज्जन माणूस आहे. त्याचाही त्रासच होतो.

कोलेट म्हणते, "नाक कापलं गेलं तरी श्वास घेता येतो, बरं का."

दुरुस्ती लागताच फेटिगांनी ड्रॉवर उघडला. आता न्यायाधीश आला म्हणजे त्यांची वकिलांतली पत राहिली. विधेयक समितीतून बाहेर. पाणीवाहिनीबद्दल अजून मी काही बोललेले नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आमच्या सभागृहात मंजूर! फलकावर हिरवे दिवे लागत गेले तेव्हा अंगावर काटा आला. तातडीचं कलमही त्यात आहे, म्हणजे राज्यपालांची सही झाली की त्याच दिवशी लागू. नाहीतर एक ऑगस्टपर्यंत थांबावं लागतं. तातडीला दोन तृतीयांश मतं लागतात, ती इथे मिळाली. आता सिनेट.

रेनेला निरोप ठेवला. उत्तर नाही.

हार्लननं विचारलं, "आता तरी खूश ना?" सिनेट झाल्याशिवाय नाही, म्हटलं.

९ मार्च, रविवार

रेनेचा फोन, तिनं स्वतःहून केलेला! मला वाटलं, अभिनंदन करायला. तिनं विचारलं, चिठ्ठीशिवाय मिळणारं झोपेचं कुठलं औषध चांगलं.

मी व्यवस्थित सांगितलं. कुठलं, किती, दारूबरोबर नाही, सलग दोन आठवड्यांच्या वर नाही. "दोन आठवडे होऊन गेले," ती म्हणाली. मग संध्याकाळी कॉफी बंद कर, फोन उशाशी ठेवू नकोस, म्हटलं. "फोन लांब ठेवून काही फरक पडत नाही," ती म्हणाली.

मग मी तिला चांगलंच बजावलं, की एकोणीसला सिनेट समितीपुढे यायचं, आणि या वेळी जीव ओतून बोलायचं. त्या भिंतीबद्दल सांगायचं. "लोकांना दिसायला हवं, रेने. तुला जे दिसतं ते त्यांना दिसायला हवं."



"नाही," ती म्हणाली. "ते त्यांना दिसायला नकोय."

विचित्र मुलगी. तरी येईन म्हणाली.

१९ मार्च, बुधवार

आली नाही! ऐन वेळी तिचे साहेब आले. बोलँडर रजेवर आहे म्हणाले. रजेवर! मी ओळखीच्या आठ सिनेटरांना सांगून ठेवलं होतं की प्रत्यक्ष काम करणारी बाई येतेय, तिचं ऐका. साहेबांनी कागद वाचला आणि तीन प्रश्नांना 'माहिती घेऊन कळवतो' म्हणाले. एका सिनेटरनं तोंडावर विचारलं, "इतकं तातडीचं आहे तर तुमच्या तपास अधिकारी सुट्टीवर कशा?"

माझे कान तापले.

प्रुस मागच्या रांगेत बसून होता. सभागृह वेगळं असूनही आला होता. बाहेर मला म्हणाला, "ती ठीक आहे ना?"

"तिला काय झालंय? रजेवर आहे," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता, पण लिफ्ट आली.

१६ एप्रिल, बुधवार

सिनेटनं मंजूर केलं. पण तातडीचं कलम पडलं. दोन मतांनी!

त्यातलं एक मत त्या सुट्टीचा प्रश्न विचारणाऱ्याचं. दुसरा मतदानाच्या वेळी खाली कॅन्टीनमध्ये ॲपल पाय खात बसला होता. मी खाली जाऊन त्याला सुनावलं. तो म्हणतो, "अहो, मला वाटलं तुमचं आरामात होतंय. मुलांचं विधेयक आहे, त्याला कोण नाही म्हणेल?"

म्हणजे आता एक ऑगस्ट. तोपर्यंत येणाऱ्या टिपा जुन्याच वाटेनं जाणार. मे, जून, जुलै. या महिन्यांत किती पुसल्या जातील, कुणाच्या, कुठल्या घरातल्या, ते कुणालाच कळणार नाही. त्याची नोंदही कुठे होणार नाही.

कोलेटनं मला कोट घालायला लावला आणि बाहेर नेलं. बर्फ वितळून सगळीकडे चिखल. "झालं ना मंजूर?" ती म्हणाली. "माझं पहिलं विधेयक रस्त्याच्या पाटीवरचं एक अक्षर दुरुस्त करायचं होतं. तेही पडलं."

मी रडले. रागानं रडले. कोलेटनं खिशातून वापरलेला टिश्यू काढून दिला.

२५ एप्रिल, शुक्रवार

राज्यपालांनी सही केली. फोटोत फेटिग पुढे, मी त्यांच्या खांद्याआड. सहीचं पेन फेटिगांनी घेतलं. रेनेला बोलावलं होतं. तिची खुर्ची रिकामी होती, मग तिथे फोन कंपन्यांचा माणूस बसला.

२० मे, मंगळवार

परत दुकानात. आज रेनेची आई, डोना, औषध घ्यायला आली. कुणाचं आणि काय, ते इथेही लिहिणार नाही, धंद्याचा नियम आहे. पण चिठ्ठी हातात आली आणि मी ती दोनदा वाचली. मग डोनाकडे बघितलं.

"कधीपासून?" मी विचारलं. हेही विचारायचं नसतं.

"डॉक्टरकडे मार्चपासून. त्याच्या आधीचं कोण जाणे." डोनानं पर्स काउंटरवर ठेवली. "नोकरी सोडली तिनं, आर्लिस. तुला माहीत नाही? मला वाटलं, तुझ्याशी तिचं रोज बोलणं होतं. तुझं फार सांगायची. मिसेस ट्वेट माझ्यासाठी भांडतायत म्हणून."

सरकारी मत्स्यकेंद्रात लागली आहे. माशांची पिल्लं वाढवतात तिथे.

मी पिशवीत बाटली घातली, सूचनांचा कागद घातला. पैसे घ्यायचे राहिले, हार्लननं घेतले.

सबंध दुपार मला तिचा राग आणावासा वाटत होता. कायदा करवून घेतला आणि गेली. पण राग बसत नव्हता, सारखा निसटत होता.

१४ जून, शनिवार

मत्स्यकेंद्रावर जाऊन आले. धरणाखाली, लांबलचक तळी. रेने कमरेपर्यंतची रबरी विजार घालून पाण्यात उभी होती, जाळं धरून. वॉलाय माशाची बोटभर पिल्लं, ती टाक्यांत भरून ट्रकनं राज्यभरच्या तळ्यांत सोडतात. उन्हानं तिचं नाक सोललं होतं. मला बघून हात हलवला, बाहेर यायला मात्र तिनं वेळ घेतला.

आम्ही ट्रकच्या मागच्या फळीवर बसलो. मी लिंबाचे बार, म्हणजे गोड वड्या, नेले होते. तिनं एक खाल्ला, मग अजून एक घेतला.

"टेसा?"

"शनिवार-रविवार माझ्याकडे असते. आता हळूहळू…" तिनं बोटं पुसली. "इथे बरं आहे. कुणी काही पाठवत नाही मला."

मी ठरवून गेले होते की विचारायचं नाही. पण तोंडातून गेलंच. "ऑगस्टपासून कायदा लागू होतोय. तुझाच कायदा आहे तो. तेव्हा तरी परत येशील ना?"

"नाही."

"दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी…"

"मिसेस ट्वेट, कुणाच्याही घरी गेले की मी आधी भिंती बघते. अजून. तुमच्या दुकानाच्या मागच्या खोलीची सुद्धा बघितलीय." ती हे अगदी साध्या आवाजात बोलली, समितीपुढे बोलली होती तशाच. आणि मला तेव्हा वाटलं होतं की तिला बोलता येत नाही.

मी तिचा हात धरायला गेले. तो ओला होता, थंड, माशांच्या वासाचा. तिनं धरू दिला.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की," ती म्हणाली. जराही न रागावता.

तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली आणि ती परत पाण्यात उतरली.

घरी हार्लननं विचारलं कशी आहे. म्हटलं, जेवली.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी काउंटरवर गर्दी असताना फोन. रेनेच्या जागी आलेला माणूस, लायल स्कॉग. चाळिशी उलटलेला, वीस वर्षं महामार्गावर गस्त घालत होता. आधी एकदाच बोललो होतो. उत्साहानं त्याला धाप लागली होती.

"मॅडम, पहिलं समन्स! सोमवारी टीप आली. तुमच्या नव्या कायद्यानं अर्ज केला, न्यायाधीशबाई पलीकडच्या जिल्ह्यातल्या. नातवाच्या वाढदिवसाला गेल्या होत्या, तिथूनच व्हिडिओवर बसल्या. मागे फुगे होते. दोन प्रश्न विचारले, नंबर मूळ टिपेशी ताडून बघितला, सही केली. जेवणाच्या वेळेपर्यंत कंपनीनं पत्ता दिला. काल संध्याकाळी आम्ही त्या घरात होतो. मुलगा आहे, नऊ वर्षांचा. आता मावशीकडे आहे. सुखरूप."

मी खाली बसले. गिऱ्हाईकं बघत होती, बघू दे म्हटलं. हार्लननं पाणी आणून दिलं.

पहिला विचार रेनेचा. तिला कळायलाच हवं. हे तिचं आहे, माझं नाही, फेटिगांचं तर नाहीच. मागच्या खोलीत जाऊन तिला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगत सुटले. फुगे, न्यायाधीशबाई, पत्ता. मुलाचं वय सांगितलं.

पलीकडे पाण्याच्या पंपाचा आवाज.

"रेने? ऐकतेस ना?"

"चांगलं झालं," ती म्हणाली. "खरंच चांगलं झालं." मग श्वास घेतल्यासारखं काहीतरी. "मिसेस ट्वेट, यापुढे मला सांगू नका. प्लीज. चांगलं असलं तरी नको."

"बरं," मी म्हटलं. "बरं, बाळा."

फोन ठेवला आणि गोळ्यांच्या खोक्यांमध्ये तशीच उभी राहिले. केवढी मोठी भेट घेऊन धावले होते मी, आणि ती तिला हातातही धरता येईना. ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कुणावर? फेटिगांवर? कॅन्टीनमध्ये ॲपल पाय खाणाऱ्यावर? बाहेर हार्लन कुणाला तरी सांगत होता, रिकाम्या पोटी घेऊ नका.

मग मी लायल स्कॉगला परत फोन लावला.

"काही राहिलं का, मॅडम?" तो म्हणाला. मागे त्याचा रेडिओ चालू होता, बेसबॉल.

"काल रात्री झोप लागली का?"

"अं… हो. म्हणजे, तशी लागली. थोडी."

"तशी म्हणजे कशी?"

तो गोंधळला. "का हो, मॅडम?"

"खिडकी आहे का त्या खोलीला? नाही ना. ती मी काउंटीच्या लोकांकडे बघते. तू मला हे सांग, किती वाजता झोपलास आणि मध्ये किती वेळा उठलास. मला वेळ आहे."

गिऱ्हाईकं थांबली होती. मग त्यानं रेडिओ बंद केला आणि सांगायला लागला.